मार्शल नेमका कोणाचा माणूस? विधिमंडळाची सुरक्षा, राजशिष्टाचार आणि राजदंड

अवलोकिता

१७ जुलै २०२५ ला मुंबईत विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांची हाणामारी झाली. तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो: मार्शल काय करत होते? विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मार्शल म्हणजे वेगळ्या गणवेशातला पोलीस असतो. तिथेच गल्लत होते, म्हणून हा धागा.

मार्शल हा पीठासीन अधिकाऱ्याचा, म्हणजे विधानसभेत अध्यक्षांचा आणि परिषदेत सभापतींचा माणूस. गृहखात्याशी त्याचा संबंध नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ९८ ने संसदेला आणि १८७ ने राज्य विधिमंडळांना स्वतंत्र सचिवालय दिलं आणि आतला पहारा त्या सचिवालयाखाली आला. मूळ नमुना लंडनचा. हाउस ऑफ कॉमन्सला पहिला सार्जंट-अॅट-आर्म्स मिळाला १४१५ मध्ये. तलवार, राजदंड, दार, गॅलरी आणि बेशिस्त सदस्य हे सगळं त्याच्या वाट्याला आलं. लॉर्ड्समध्ये, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहात, जवळपास तेच काम ब्लॅक रॉड नावाच्या अधिकाऱ्याकडे असतं.

आपल्याकडचा धडा मात्र बॉम्बने शिकवला. ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेत प्रेक्षक गॅलरीतून बॉम्ब टाकले. त्यानंतर आतला बंदोबस्त कोणाच्या हुकमाखाली असावा यावरून विधानसभेचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल आणि सरकार यांच्यात जुंपली. पटेलांचं म्हणणं होतं की सभागृहातला पहारेकरी अध्यक्षांनाच जबाबदार हवा. त्यातून ३ सप्टेंबर १९२९ ची समिती आणि पुढे ‘वॉच अँड वॉर्ड’ उभं राहिलं. २००९ मध्ये त्याचं नाव संसद सुरक्षा सेवा झालं.

जाणकारांनी पुढचं सांगावं: सदस्याला बाहेर काढण्याची नेमकी रीत काय? राजदंड पळवला की काय होतं? आणि खरा हल्ला झाला तर हुकूम कोणाचा?

नियमावली

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. आधी लोकसभा, कारण तिथली पायरीपायरीची रचना स्पष्ट आहे.

नियम ३७३: वर्तन अगदीच बेशिस्त असेल तर अध्यक्ष सदस्याला ताबडतोब बाहेर जायला सांगतात. परिणाम त्या दिवसापुरता. ठराव लागत नाही, मतदान लागत नाही.

नियम ३७४: अध्यक्ष सदस्याचं नाव घेतात. मग निलंबनाचा प्रस्ताव येतो, तो लगेच मताला टाकतात. त्यावर दुरुस्ती नाही, चर्चा नाही. मंजूर झाला की जास्तीत जास्त अधिवेशनाच्या उरलेल्या काळापुरतं निलंबन.

नियम ३७४अ: डिसेंबर २००१ मध्ये आला. सदस्य हौद्यात (अध्यक्षांच्या आसनापुढच्या मोकळ्या जागेत) उतरून घोषणा देत कामकाज हेतुपुरस्सर बंद पाडत असेल, तर अध्यक्षांनी नाव घेताच तो आपोआप निलंबित होतो. मुदत लागोपाठ ५ बैठका किंवा उरलेलं अधिवेशन, यातलं जे कमी असेल ते.

राज्यसभेत यासाठी नियम २५५ आणि २५६ आहेत. महाराष्ट्र विधानसभेत नियम ५३ आहे: पहिल्यांदा त्या दिवसापुरतं बाहेर, त्याच अधिवेशनात पुन्हा तसंच केलं तर उरलेल्या अधिवेशनासाठी.

मार्शलचं काम यानंतर सुरू होतं, आधी नाही. सदस्य हौद्यात उतरले, कागद फाडले, माइक उपटला, तरी पीठाचा आदेश येईपर्यंत मार्शलने कुणाला हात लावायचा नसतो. अध्यक्षांच्या आसनाभोवती आणि महासचिवांच्या टेबलाभोवती कडं करून उभं राहणं इतकंच. आदेश आला की आधी तोंडी विनंती, मग दोन्ही बाजूंनी आधार देऊन उठवणं, आणि तरीही नाही तर उचलणं. महिला सदस्यांसाठी महिला मार्शल लागतात. त्या पुरेशा नसल्या की आदेश असूनही अंमलबजावणी अडते.

कॉमन्समध्ये या टप्प्याला एक जादा अडसर आहे, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. निलंबित सदस्य हलत नसेल तर सार्जंट लगेच ओढाताण करत नाही. आता बळ वापरावं लागेल, असं आधी स्पीकर सभागृहाला सांगतात. ते उच्चारताच निलंबन उरलेल्या अधिवेशनभराचं होतं. एरवी तिथे पहिल्या वेळी ५ बैठकी-दिवस आणि दुसऱ्या वेळी २० दिवस असा हिशेब आहे. म्हणजे खुर्चीला चिकटून बसण्याची किंमत सदस्याला आधीच माहीत असते, आणि बहुतेक जण आपल्या पायांनी निघून जातात.

ठोकळा

@नियमावली, आदेश ‘सगळ्यांना बाहेर काढा’ असा असला तर?

नियमावली

तसा आदेश मार्शलला राबवता येत नाही. नावं लागतात, कारण निलंबन व्यक्तीचं असतं, पक्षाचं नसतं. गोंधळात २० ते ३० जण फलक घेऊन उभे असताना टेबलवरचे अधिकारी चेहरे बघून यादी करतात आणि तिथेच चूक होते. १४ डिसेंबर २०२३ ला लोकसभेतल्या निलंबितांच्या यादीत द्रमुकचे एस. आर. पार्थिबन यांचं नाव होतं आणि ते त्या दिवशी सभागृहातच नव्हते. ओळखण्यात चूक झाली असं सांगून नाव मागे घ्यावं लागलं. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले होते. एवढ्या जणांना सभागृह, लॉबी आणि गॅलरी बंद, हे दारावरच्या माणसाने चेहऱ्यावरून ओळखून राबवायचं, दररोज.

दुसरी अडचण मुदतीची. महाराष्ट्रात ९ नोव्हेंबर २००९ ला शपथविधीच्या वेळी अबू आझमींना मारहाण झाली आणि मनसेचे चार आमदार चार वर्षांसाठी निलंबित झाले (पुढे ते निलंबन मागे घेतलं गेलं). ५ जुलै २०२१ ला भाजपचे १२ आमदार एका वर्षासाठी. त्यावर २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन बेकायदा आहे. तर्क सरळ होता. हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते आणि पोटनिवडणूक सहा महिन्यांत लागते. वर्षभराच्या निलंबनात मतदारसंघाला ना आमदार ना निवडणूक. मार्शलसाठी याचा व्यावहारिक अर्थ असा की अधिवेशन संस्थगित झालं की त्याच्या हातातली यादी कालबाह्य.

वेशीपाशी

सुरक्षेच्या बाजूने लिहितो. या व्यवस्थेतली सर्वात मोठी फट सगळ्यांना माहीत आहे आणि ती बुजवायची हिंमत कुणात नाही: सदस्याची झडती घेत नाहीत.

१३ फेब्रुवारी २०१४ आठवा. तेलंगण विधेयक मांडलं जात असताना एल. राजगोपाल यांनी लोकसभेत मिरपूड फवारली. सदस्य खोकत बाहेर पळाले, काहींना रुग्णालयात न्यावं लागलं. तो डबा आत आला कसा, हा प्रश्नच नव्हता. खासदाराच्या खिशातून आला.

सदस्याला तपासणीतून सूट असण्याला जुनं कारण आहे. सत्ताधाऱ्यांचा शिपाई विरोधकाला दारात अडवून मतदानाला पोचू देणार नाही, ही भीती खोटी नाही. पण त्या सुटीची व्याप्ती हळूहळू वाढते. आधी सदस्य, मग सदस्याबरोबर चालणारे, मग त्यांच्या गाडीत बसलेले. १७ जुलैच्या हाणामारीतले लोक कुंपणावरून उडी मारून आले नव्हते. त्यानंतर अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी आदेश दिला तोही प्रवेशाबद्दलच होता: अधिवेशनात फक्त सदस्य, त्यांचे अधिकृत स्वीय सहायक आणि शासकीय अधिकारी, मंत्र्यांनी अभ्यागतांच्या बैठका मंत्रालयात घ्याव्यात.

अमेरिकेत ही फट बुजवायचा प्रयत्न झाला. जानेवारी २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या दारांबाहेर धातुशोधक चौकटी बसवल्या, सदस्यांसाठीसुद्धा. टाळून गेलं तर पहिल्यांदा ५,००० आणि दुसऱ्यांदा १०,००० डॉलर दंड, पगारातून वजा. बहुमत बदललं आणि जानेवारी २०२३ मध्ये चौकटी निघाल्या.

गॅलरीप्रेमी

१३ डिसेंबर २०२३ विसरू नका. तो प्रसंग तर शुद्ध पासाचा होता.

लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीचा पास हवा असेल तर सदस्याला सही करून द्यावं लागतं की ही व्यक्ती माझी नातेवाईक, मित्र किंवा वैयक्तिक ओळखीची आहे आणि मी तिची पूर्ण जबाबदारी घेतो. प्रत्यक्षात मतदारसंघातून कुणी आलं की स्वीय सहायक फॉर्म पुढे करतो आणि साहेब सही करतात. त्या दिवशी दोन तरुण अशाच पासावर आत गेले. धुराच्या नळकांड्या बुटांत लपवलेल्या होत्या. तेव्हाच्या तपासणीत अंगावरून हात फिरत असे, बूट काढायला लावत नसत. नव्या इमारतीत गॅलरीची उंचीही जुन्यापेक्षा कमी, त्यामुळे थेट सभागृहात उडी मारता आली. पकडलं खासदारांनीच. (बाहेर धूर सोडणाऱ्या दोघांपैकी एक जण लातूर जिल्ह्यातला होता, म्हणून आपल्याकडच्या वाहिन्या आठवडाभर तिथेच तळ ठोकून होत्या.)

योगायोग असा की लंडनला हाच धडा १९ वर्षं आधी मिळाला होता. कॉमन्सच्या प्रेक्षक गॅलरीपुढे २००४ च्या वसंतात मोठी काच बसवली, खर्च सुमारे सहा लाख पौंड. १९ मे २००४ ला टोनी ब्लेअर यांच्यावर जांभळ्या पिठाचे फुगे आले, ते काचेच्या पुढच्या रांगांतून. त्या जागा मान्यवरांच्या पाहुण्यांसाठी राखलेल्या होत्या, आणि मान्यवरांच्या पाहुण्यांवर संशय कसा घ्यायचा! चार महिन्यांनी, १५ सप्टेंबरला, कोल्ह्याच्या शिकारीवरील बंदीला विरोध करणारे पाच जण थेट सभागृहात घुसले. बैठकीला आल्याचं बनावट पत्र त्यांनी दाखवलं होतं. त्यांना आवरलं पारंपरिक काळ्या पोशाखातल्या द्वारपालांनी. त्यानंतरच तिथे सुरक्षेचा वेगळा व्यावसायिक समन्वयक नेमायचं ठरलं.

दोन्हीकडे तपासणी यंत्र चालू होतं. विश्वासाच्या रांगेतून आलेल्या माणसाला मात्र ते नीट लागू होत नव्हतं.

कायदापंडित नव्हे

गॅलरीत गोंधळ घालणाऱ्याचं काय करायचं याला लोकसभेचा नियम ३८७अ आहे. अध्यक्षांनी अधिकृत केलेला अधिकारी अशा व्यक्तीला आवाराबाहेर काढू शकतो किंवा ताब्यात घेऊ शकतो. ‘अधिकृत केलेला’ हे शब्द महत्त्वाचे, कारण मार्शलकडे अटकेचा स्वतःचा असा अधिकार नाही. पूर्वी पत्रकं फेकणाऱ्यांना सभागृह स्वतःच अवमानाबद्दल शिक्षा करत असे. ठराव करून त्या संध्याकाळपर्यंत किंवा अधिवेशन संपेपर्यंत तिहारला साधी कैद. आता थेट पोलिसांकडे सोपवतात आणि गुन्हा दाखल होतो. २०२३ च्या प्रकरणात यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लागला.

शेंडीला गाठ

राजदंडाचं कुणी बोलत नाही! विधानसभेत दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी ‘राजदंड पळवतो’. त्याने कामकाज खरंच थांबतं का?

बखरीचा शिपाई

हा माझा आवडता भाग, जरा लांबेल.

कॉमन्समध्ये राजदंड म्हणजे सभागृहाला मिळालेल्या राजसत्तेचं चिन्ह. तो टेबलावर नसेल तर सभागृह रीतसर भरलेलं मानत नाहीत. दररोज स्पीकरांची मिरवणूक निघते, सार्जंट तो खांद्यावर घेऊन पुढे चालतो आणि टेबलावर ठेवतो. सभागृह समितीच्या रूपात बसलं की तोच राजदंड टेबलाखालच्या कड्यांत जातो. नुसतं टेबलाकडे बघून सदस्याला कळतं की सध्या स्पीकर अध्यक्षस्थानी आहेत की समिती चालू आहे. सध्याचा राजदंड दुसऱ्या चार्ल्सच्या काळातला, चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला, लांबी सुमारे पाच फूट.

पळवापळवी तिथेही झाली. १९७६ मध्ये मायकल हेसेल्टाइन यांनी तो उचलून सत्ताधारी मजूर पक्षाच्या बाकांसमोर फिरवला. १९८८ मध्ये रॉन ब्राउन यांनी आपटला आणि दुरुस्तीचं सुमारे १,५०० पौंडांचं बिल त्यांच्या नावावर आलं. १० डिसेंबर २०१८ ला लॉइड रसेल-मॉयल तो घेऊन दाराकडे निघाले. दारापर्यंत पोचण्याआधीच कर्मचाऱ्यांनी अडवून काढून घेतला आणि स्पीकरांनी त्यांना त्या दिवसापुरतं बाहेर पाठवलं. इथे कर्मचाऱ्याने सदस्याशी झोंबाझोंबी करायची नसते. वाटेत उभं राहायचं आणि दोन्ही हात पुढे करायचे. दंड जड असतो, ओढाताणीत कुणाच्या तरी डोक्यात बसतो.

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात १३ एबनी काठ्यांची मोळी आणि वर चांदीचा गरुड, ४६ इंच, १८४१ चा. आधीचा १८१४ मध्ये ब्रिटिशांनी कॅपिटॉल जाळलं तेव्हा गेला. तिथे बेशिस्त वाढली तर स्पीकरांच्या सांगण्यावरून सार्जंट तो राजदंड त्या सदस्यासमोर नेऊन धरतो.

आता आपलं. लोकसभेत राजदंडाची प्रथा नाही. २८ मे २०२३ ला नव्या इमारतीत ठेवलेला सेंगोल रोजच्या मिरवणुकीत फिरवत नाहीत. राज्यांत मात्र अनेक ठिकाणी आहे. त्रिपुरात १९ डिसेंबर २०१६ ला सुदीप रॉय बर्मन तो घेऊन सभागृहाबाहेर धावले. आपल्या विधानसभेतही राजदंडाला हात घातला की दृश्य चॅनेलवर हमखास जातं, आणि बहुतेक वेळा हेतूही तोच असतो. कामकाज थांबतं ते अध्यक्षांनी तहकूब केलं म्हणून. दंड जागेवर नाही म्हणून गणपूर्ती मोडत नाही. तेव्हा मार्शलला दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात: आसन आणि दंड. दोन्हींकडे धाव घेतली आणि माणसं कमी पडली तर आसन आधी. दंडाची किंमत वसूल होते.

अवलोकिता

वा! आणि ब्लॅक रॉडच्या तोंडावर दार आपटतात ते?

बखरीचा शिपाई

४ जानेवारी १६४२ ला पहिला चार्ल्स राजा सैनिक घेऊन पाच सदस्यांना पकडायला कॉमन्समध्ये शिरला. पाखरं आधीच उडाली होती. ते कुठे आहेत असं विचारल्यावर स्पीकर लेंथॉल यांनी गुडघे टेकून सांगितलं की या जागी मला सभागृह सांगेल तेवढंच दिसतं आणि तेवढंच बोलता येतं. आज उद्घाटनाच्या दिवशी ब्लॅक रॉड राजाचं बोलावणं घेऊन येतो, तेव्हा दार तोंडावर बंद करतात. तो काठीने तीनदा ठोठावतो, मग उघडतात. नाटक म्हणून हसावं असं वाटतं, पण सत्तेच्या निरोप्याने परवानगी घेऊनच आत यायचं हा नियम दरवर्षी सगळ्यांसमोर करून दाखवला जातो. आपल्या लोकसभेच्या नियम २३२ मध्ये तेच साध्या भाषेत आहे: अध्यक्षांच्या परवानगीशिवाय सभागृहाच्या आवारात अटक नाही. २३३ मध्ये समन्स बजावण्याबद्दलही तसंच.

कायदापंडित नव्हे

आणि ही परवानगी कोण देतं यात चूक झाली तर काय होतं, याचं उदाहरण लंडनचंच आहे. २७ नोव्हेंबर २००८ ला पोलिसांनी खासदार डेमियन ग्रीन यांच्या संसदेतल्या कार्यालयाची झडती घेतली. वॉरंट नव्हतं. सार्जंट जिल पे यांनी संमतीच्या कागदावर सही केली होती. स्पीकर मायकल मार्टिन यांनी ३ डिसेंबरला सभागृहात सांगितलं की सभागृहाच्या क्लार्कचा (मुख्य सचिवाचा) सल्ला न घेता ती सही झाली, आणि यापुढे सदस्याच्या कार्यालयाच्या झडतीला वॉरंट लागेलच, शिवाय प्रत्येक प्रकरण स्वतः स्पीकरांपुढे यावं. पोलीस अधिकारी दारात उभा राहून ‘साधी औपचारिकता आहे’ म्हणतो तेव्हा सही न करणं, हे या पदाचं अर्धं काम.

उलट बाजूही आहे. १९ मार्च २०१३ ला आपल्या विधानभवनात एका पोलीस अधिकाऱ्यालाच आमदारांनी मारलं. पाच जण निलंबित झाले, गुन्हाही दाखल झाला. विशेषाधिकार मारहाणीला कवच देत नाही. केरळ विधानसभेत १३ मार्च २०१५ ला झालेल्या मोडतोडीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२१ ला हेच स्पष्ट केलं.

पोटोमॅककाठी

तिसरा प्रश्न राहिला: खऱ्या हल्ल्यात हुकूम कोणाचा. याचं सर्वात महागडं उत्तर ६ जानेवारी २०२१ चं, जमावाने वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, चाल केली त्या दिवसाचं.

कॅपिटॉल पोलीस हे १८२८ पासूनचं स्वतंत्र दल. पण त्याच्या प्रमुखावर एक मंडळ बसलेलं: प्रतिनिधीगृहाचा सार्जंट-अॅट-आर्म्स, सिनेटचा सार्जंट-अॅट-आर्म्स आणि कॅपिटॉलचा वास्तुअधिकारी. पोलीसप्रमुख त्यात असतो, पण त्याला मत नाही. नॅशनल गार्ड (राखीव सैन्य) मागवायचा तर मंडळाची मंजुरी हवी. प्रमुख स्टीव्हन संड यांच्या साक्षीप्रमाणे त्यांनी ४ जानेवारीलाच गार्डची मागणी केली, ती मिळाली नाही. ६ तारखेला दुपारी १:०९ ला पुन्हा मागितली आणि मंजुरी आली २:१० ला. प्रतिनिधीगृहाचे सार्जंट पॉल आयर्विंग यांनी या वेळांबद्दल वेगळं सांगितलं, पण मुद्दा उरतोच. गर्दी दार फोडत असताना फोन फिरत होते, कारण परवानगी एका माणसाच्या हातात नव्हती. आयर्विंग आणि सिनेटचे मायकल स्टेंगर या दोघांनीही राजीनामे दिले. डिसेंबर २०२१ मध्ये कायदा बदलला. आणीबाणीत प्रमुख थेट गार्ड मागवू शकतो.

हाच आयर्विंग वर्षातून एकदा सगळ्या जगाला दिसायचा: दारात उभा राहून ‘मिस्टर स्पीकर, राष्ट्राध्यक्ष!’ असं पुकारताना. पुकारा आणि संकटातला निर्णय एकाच माणसाकडे ठेवायचे का, यावर तिकडे अजून वाद आहे.

वेशीपाशी

कॅनडाचं याच्या उलट. २२ ऑक्टोबर २०१४ ला ओटावात बंदूकधारी संसदेत शिरला तेव्हा सार्जंट-अॅट-आर्म्स केव्हिन व्हिकर्स स्वतः पिस्तूल घेऊन सुरक्षारक्षकांबरोबर पुढे गेले आणि हल्लेखोर मारला गेला. देशभर कौतुक झालं. त्यानंतरच्या चौकशांत मात्र दिसलं की कॉमन्सचं एक दल, सिनेटचं दुसरं, बाहेरच्या हिरवळीवर आरसीएमपी (कॅनडाचं राष्ट्रीय पोलीस दल), आणि त्यांच्यात समन्वय पुरेसा नव्हता. जून २०१५ मध्ये दोन्ही दलं एकत्र करून आरसीएमपीच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली दिली. शूर सार्जंटमुळे व्यवस्थेतली भेग झाकली गेली नाही, हे त्या देशाने मान्य केलं.

लंडनला २२ मार्च २०१७ ला कॅरेज गेट उघडं होतं, तिथे पोलीस कॉन्स्टेबल कीथ पामर निःशस्त्र होता. त्याला भोसकणाऱ्यावर गोळ्या झाडल्या त्या एका मंत्र्याच्या अंगरक्षकांनी, तेही योगायोगाने जवळ होते म्हणून. सशस्त्र पोलिसांची गस्त फाटकापाशी नव्हती, यावर मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने बोट ठेवलं.

आपल्याकडे १३ डिसेंबर २००१. पाच हल्लेखोर गृहमंत्रालयाचं बनावट स्टिकर लावलेल्या गाडीतून आत आले. बाहेर गोळीबार सुरू झाल्यावर इमारतीची दारं बंद करण्यात आली आणि हल्लेखोर आत पोचले नाहीत. त्या दिवशी संसदेच्या वॉच अँड वॉर्डचे जगदीश प्रसाद यादव आणि मातबरसिंह नेगी हे दोघे मारले गेले. दोघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. मार्शल म्हणजे नुसता टोपी-कोटातला शोभेचा माणूस, असं म्हणणाऱ्यांनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत.

ठोकळा

टोपी-कोटावरून आठवलं, २०१९ मध्ये राज्यसभेच्या मार्शलांना लष्करी थाटाचा गणवेश दिला होता ना?

बखरीचा शिपाई

हो, नोव्हेंबर २०१९. फेटा आणि बंदगळा जाऊन पुढे चोच असलेली टोपी आणि खांद्यावर पट्ट्या आल्या. माजी सैन्याधिकाऱ्यांनी हरकत घेतली, सभापती व्यंकय्या नायडूंनी फेरविचार करायला सांगितलं. हरकत योग्य होती. पीठासीन अधिकाऱ्याच्या मागे उभा असलेला माणूस सैनिकासारखा दिसला की सभागृहाचा रंगच बदलतो.

अवलोकिता

मग आता केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे संसद गेली आहे, तिथे विठ्ठलभाईंच्या वादाचं काय झालं?

कायदापंडित नव्हे

२० मे २०२४ पासून सीआयएसएफचे ३,३१७ जण आले, सीआरपीएफचं सुमारे १,४०० जणांचं पथक गेलं. झडती, फाटकं, गाड्या, श्वानपथक हे सगळं एका हाती आलं, हा २०२३ नंतरचा स्पष्ट फायदा. पण ते दल गृहमंत्रालयाचं. ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला विरोधी पक्षनेते खरगे यांनी उपसभापतींना पत्र लिहिलं की राज्यसभेच्या हौद्यात सीआयएसएफचे जवान होते. सरकार पक्षाने सांगितलं की ते मार्शलच होते.

त्या वादावर माझं मत असं: कोण खरं हे बाजूला ठेवा, असा प्रश्न पडणंच वाईट आहे. हौद्यात उभा असलेला माणूस सचिवालयाचा की मंत्रालयाचा, हे सदस्याला गणवेशावरून ताबडतोब कळलं पाहिजे. २०१७ मध्ये तमिळनाडूच्या विश्वासदर्शक ठरावावेळीही द्रमुकने आरोप केला होता की मार्शलांच्या कपड्यांत पोलीस आणले.

वेशीपाशी

@कायदापंडित, तत्त्व मान्य, पण रोजच्या कामात रेषा एवढी स्वच्छ राहत नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवायचा हा निर्णय पोलिसांचा. तो तिथे फुटला तर दहा मिनिटांत आवाराचं फाटक गाठेल. मग मार्शलला फाटक बंद करायला अध्यक्षांचा हुकूम लागणार, आणि अध्यक्ष तेव्हा लक्षवेधी घेत असणार. म्हणून अधिवेशनाआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात: कुठल्या दारापर्यंत पोलीस आणि कुठून पुढे सचिवालय, आणीबाणीत अध्यक्षांना न विचारता दारं बंद करायची मुभा कोणाला, आणि दोघांचे वायरलेस एकाच वाहिनीवर आहेत की नाही. तिसरी गोष्ट सर्वात क्षुल्लक वाटते आणि तीच सर्वात आधी राहून जाते.

शेंडीला गाठ

शेवटची शंका. मतविभाजनाच्या वेळी दारं बंद करतात, तेव्हा उशिरा आलेला आमदार दारावर धडका मारतो. मार्शलने उघडायचं का?

नियमावली

नाही. लोकसभेत मतविभाजनाची घंटा साडेतीन मिनिटं वाजते, ती थांबली की लॉबीची दारं बंद. कॉमन्समध्ये आठ मिनिटं मिळतात. मुदत संपल्यावर आत घेतलेल्या एका मतावर विधेयक पडू शकतं, आणि मग निकालालाच आव्हान मिळतं. म्हणून दारावरच्या माणसाने घड्याळाकडे आणि पीठाकडे बघायचं, बाहेरच्या चेहऱ्याकडे नाही. मुख्यमंत्री असले तरी. कॉमन्समध्ये उलटा त्रासही होतो. सदस्य लॉबीत मुद्दाम रेंगाळतात, मोजणी संपत नाही. तेव्हा स्पीकर सार्जंटला ‘नो लॉबीत (विरोधात मत देणाऱ्यांच्या लॉबीत) उशीर का होतोय ते बघा’ असं फर्मावतात. सार्जंट तलवार लावून लॉबीत जातो आणि लोक पटापट बाहेर पडतात.